खाजन, मानस आणि गाव : प्रदर्शनाच्या प्रकल्प नोंदी, 2024

10 जून 2024

यंदाच्या प्रदर्शनाचा विषय आज संग्रहालय समितीच्या बैठकीत ठरला. देवळांची जुनी छायाचित्रे, मुक्तिलढ्याची कात्रणे आणि खाजन जमिनी असे तीन प्रस्ताव होते. पहिल्या दोन विषयांवर राज्यात इतरत्र पुष्कळ काम झालेले आहे. आमचे दोन खोल्यांचे संग्रहालय मात्र डिचोली तालुक्यात मांडवीच्या काठाला आहे आणि खिडकीतून जे शेत दिसते तेच भरतीच्या पातळीखाली आहे. गोव्यात अशी सुमारे 18 हजार हेक्टर खाजन जमीन आहे. बांध घालून खारे पाणी बाहेर ठेवायचे, पावसाचे पाणी ओहोटीच्या वेळी मानशीतून, म्हणजे बांधातील झडपांच्या दारातून, सोडून द्यायचे आणि त्या जमिनीत पावसाळ्यात भात घ्यायचे, ही व्यवस्था शतकानुशतके चालत आलेली आहे. आमच्या संग्रहात तिच्याविषयी आजवर एक लाकडी कुदळ आणि दोन मापे एवढेच होते.

समितीपुढे मी एक अट ठेवली आणि ती मान्य झाली. प्रदर्शनातील एकही फलक गावातील बैठका होण्यापूर्वी लिहिला जाणार नाही. एरवी आमच्याकडे, आणि इतरत्रही, आधी मांडणी होते, मग उद्घाटन होते आणि त्यानंतर ‘लोकसहभाग’ म्हणून एखादी स्पर्धा किंवा व्याख्यान जोडले जाते. ज्यांनी चिखलात उभे राहून बांध घातला त्यांना बक्षीस समारंभाला बोलावणे म्हणजे सहभाग नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून जुलै ते ऑक्टोबर या काळात बैठका, बांधावरची फेरी आणि प्रात्यक्षिक होईल, आणि फलकांचे लेखन नोव्हेंबरात होईल.

24 जून

पाऊस लागला आहे. मागच्या खोलीतील डेटा लॉगर सापेक्ष आर्द्रता 84 ते 91 टक्के दाखवतो. कागदपत्रांची कपाटे बंद असून आत सिलिका जेल ठेवलेले आहे आणि त्याचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरता येते. खरी अडचण कागदांची नसून आज आलेल्या वस्तूची आहे.

गावच्या कुळसंघाने, म्हणजे शेत कसणाऱ्यांच्या संघाने, मानशीची जुनी झडप देऊ केली आणि चार माणसांनी ती टेम्पोतून आणून व्हरांड्यात ठेवली. नवी झडप बसवल्यापासून ती बांधाच्या कडेला पडून होती. माणसाच्या उंचीची फळी, तिच्यात लोखंडी पट्ट्या, खालच्या भागाला शिंपल्यांचे थर आणि लाकडात वर्षानुवर्षे मुरलेले मीठ. साध्या मिठाचा गुणधर्म असा की हवेतील आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतले पाणी ओढून विरघळू लागते आणि त्याखाली आली की पुन्हा त्याचे स्फटिक बनतात. त्यामुळे पावसाळ्यात ही फळी बाहेरून पाणी न लागताही ओली राहते, आणि हिवाळ्यात कोरड्या खोलीत ठेवली तर आतले स्फटिक फुगून लाकडाचे तंतू फोडतात. लोखंडी पट्ट्यांचा गंज तर चालूच राहतो.

झडप पंख्याखाली ठेवून लवकर वाळवावी, अशी सूचना दोघा सदस्यांनी केली होती. ती मी मानली नाही. एकदम वाळलेले खारे लाकूड चिरते. व्हरांड्यातच, पावसाच्या झडीपासून दूर, विटांवर आडवी ठेवून वर सुती कापड टाकले आहे. स्वच्छ पाण्याने ओल्या केलेल्या कापडाचा लेप लावून पृष्ठभागाजवळचे मीठ थोडे थोडे काढायचे, कापड बदलत राहायचे आणि पाऊस ओसरेपर्यंत फळी घरात घ्यायची नाही, असे ठरले आहे. शिंपल्यांचे थर खरवडू नयेत, अशी सक्त सूचना सर्वांना दिली आहे. पाणी कुठपर्यंत चढत असे, हे त्यांच्यावरून कळते.

13 जुलै

पहिली बैठक. लावणी आटोपल्यामुळे बायकांना सवड होती आणि बैठक त्यांचीच ठेवली होती. प्रत्येकीला आधी संमतिपत्र वाचून दाखवले. ध्वनिमुद्रण कोठे राहील, कोण ऐकेल, नाव द्यायचे की नाही, आणि नंतर मत बदलले तर काय करायचे, हे सगळे त्यात आहे. दोघींनी नाव न देण्याचा पर्याय निवडला. त्यांच्या ध्वनिफितीवर केवळ क्रमांक राहील.

पुरुषांच्या बैठकीत बहुधा बांध, पावणी (मानशीतल्या मासेमारीचा लिलाव) आणि पैसा यांचीच चर्चा झाली असती. येथे बियाण्यापासून सुरुवात झाली. कोरगुट आणि आसगो ही खारे पाणी सोसणारी भाते कोणत्या शेतात टाकायची, हे जमिनीच्या उंचीवरून ठरत असे. नदीजवळच्या सखल शेतात कोरगुट, कारण त्याच्या उंच वाढणाऱ्या रोपांवर चार दिवस पाणी उभे राहिले तरी पीक हातचे जात नाही. खाजनात पहिल्या जोरदार पावसाने जमिनीच्या वरच्या थरातले मीठ धुऊन जाईपर्यंत थांबावे लागते. ते धुतले गेले की नाही, हे कसे ओळखायचे, असे विचारल्यावर एका आजीने सरळ उत्तर दिले, “बाय, पाणी तोंडात घेऊन थुंकायचे. त्याला शाळा लागत नाही.” खोलीत हशा पिकला आणि त्यानंतर बोलणे मोकळे झाले.

कापणीनंतरच्या शेतात घेतली जाणारी कडधान्ये आणि भाजी, मिरची कोणत्या मेरेवर लावायची, मजुरी भातात मिळत असे तेव्हा कुडव (भाताचे माप) कसा भरायचा आणि वरची रास कोण पुसायचे, यावर तासभर बोलणे झाले. संग्रहातील दोन मापे मी बैठकीत ठेवली होती. त्यांतले एक मजुरी देण्याचे आणि दुसरे खंड घेण्याचे असावे, असे तिघींनी स्वतंत्रपणे सांगितले, कारण दोन्हींच्या आतील उंचीत बोटभर फरक आहे. नोंदवहीत दोन्हींपुढे एकच वर्णन होते. ही माहिती आता सांगणाऱ्यांच्या श्रेयासह तेथे चढवली आहे.

3 ऑगस्ट

कागदपत्रांचे काम. प्रदर्शनात इतिहासाची चौकट किती द्यावी, याचा निर्णय लवकर करायला हवा, कारण या विषयाचा इतिहास मोठा आहे आणि तो भिंती व्यापून टाकतो.

फोंडा तालुक्यातील बांदोडे येथे सापडलेल्या, मौर्यवंशीय राजा अनिर्जितवर्मा याच्या ताम्रपटात खाजन जमिनीच्या दानाचा उल्लेख आहे. म्हणजे पोर्तुगीज येण्यापूर्वी कित्येक शतके ही जमीन समुद्राकडून मिळवली जात होती. 1510 मध्ये तिसवाडी घेतल्यानंतर सोळाच वर्षांनी, 1526 मध्ये, पोर्तुगीज अधिकारी अफोन्सो मेशिया याने गावकारीच्या, म्हणजे गावाची जमीन एकत्र सांभाळणाऱ्या संस्थेच्या, चालीरीती सनदेत नोंदवून घेतल्या. त्या सनदेने व्यवस्था निर्माण केली असा समज अजूनही आढळतो, परंतु तिने चालत आलेली रीत लिहून काढली आणि तिच्यावर कर बसवला. पुढे याच गावकारींना कोमुनिदाद म्हटले जाऊ लागले. बांधाची दुरुस्ती, मानशीची पावणी आणि उत्पन्नातून गावकाराला मिळणारा जोन हे सगळे त्यांच्याकडे होते. मुक्तीनंतर 1964 चा कूळ कायदा आणि त्याची 1976 ची पाचवी दुरुस्ती यांनी कसणारा मालक झाला. बांधाची जबाबदारी कुळसंघांकडे आली. जमीन व्यक्तीची झाली आणि बांध मात्र सर्वांचा राहिला. आजच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या जोडणीत आहे, असे मला वाटते.

तिसवाडी-बार्देशचा हा क्रम आमच्या बाजूला जसाच्या तसा लावता येत नाही. डिचोली पोर्तुगीजांकडे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, नव्या काबिजादींबरोबर (पोर्तुगीजांनी नंतर घेतलेल्या तालुक्यांबरोबर) आली. येथील जुने दप्तर बरेचसे मोडीत आहे. गावातील एका कुटुंबाने मोडी कागदांचे गाठोडे दाखवले. त्यात बांधाच्या खर्चाच्या याद्या आहेत. ते संग्रहालयाला देण्याची त्यांची तयारी आहे, तरी मी तूर्त फक्त प्रती घेण्याचे सुचवले. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार ऐतिहासिक मोलाचे 75 वर्षांहून जुने हस्तलिखित पुरावशेष ठरते. रीतसर दानपत्र, यादी आणि सुरक्षित कपाट यांपैकी कपाट अजून आमच्याकडे नाही. मोडी वाचणारे एक निवृत्त शिक्षक प्रतींवरून देवनागरी करून देणार आहेत.

इतिहासाला एक भिंत, त्याहून अधिक नाही.

19 ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. उधाणाची भरती पाहण्यासाठी बांधावर फेरी काढली. गावकरी, दिवाडीहून फेरीबोटीने आलेले काही शेतकरी आणि महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. दुपारी पाणी चढले तेव्हा बांधाच्या एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला तिच्याहून खाली असलेले भात, हे दृश्य पाहिल्यावर नकाशाची गरज उरली नाही.

बांध कसा मरतो, हे आज नीट ऐकायला मिळाले. मोठ्या लाटेने तो फुटतो असे शहरातल्या माणसाला वाटते. प्रत्यक्षात सुरुवात खेकड्याच्या बिळापासून होते. बिळातून पाणी झिरपते, चिखल वाहून जातो, पोकळी वाढते आणि एखाद्या उधाणाला तो भाग खचतो. म्हणून पूर्वी बांधावरून रोज चालणारा माणूस नेमलेला असे. बीळ दिसले की त्यात चिखल ठासून भरणे हेच त्याचे काम. चिखल, पेंढा, बांबू आणि जेथे धार जोराची तेथे जांभा दगड, अशी बांधाची रचना. नदीच्या अंगाला खारफुटीची रांग असली की लाटेचा जोर तिथेच मोडतो. नदीतून जाणाऱ्या खनिजाच्या बार्जींच्या लाटांनी कडा खचत, ही तक्रार जवळजवळ प्रत्येकाने केली आणि ती ध्वनिमुद्रित झाली आहे.

खारफुटीबाबत एक गुंतागुंत आहे. बाहेर ती राखणदार असते, पण बांध फुटून शेत काही वर्षे पाण्याखाली राहिले की आतही तीच उगवते आणि मग ती तोडण्यास कायद्याने बंदी असल्यामुळे ते शेत परत मिळत नाही. चोडण बेटावर अशी शेते आहेत. याच बेटावर सलीम अली पक्षी अभयारण्य आहे आणि पर्यटक ज्या हिरवाईचे कौतुक करतात तिच्याकडे शेजारचा शेतकरी वेगळ्या नजरेने पाहतो. प्रदर्शनात ही गोष्ट यायलाच हवी.

5 सप्टेंबर

चतुर्थीनिमित्त काम बंद. गणपतीच्या वर फळे-पाने बांधून टांगायच्या माटोळीसाठी मानशीजवळच्या मेरेवरची रानफळे कोण नेतो यावरून एक जुना किस्सा कळला. तो प्रदर्शनाचा नाही, तरी ध्वनिमुद्रणात राहू दिला.

28 सप्टेंबर

मानशीची चालती प्रतिकृती तयार झाली. गावच्या मेस्तांनी, म्हणजे सुतारांनी, सागवानी चौकटीत दोन झडपा बसवल्या असून काचेच्या टाकीच्या मधोमध त्या उभ्या आहेत. झडपा नदीच्या बाजूला उघडतात. बाहेरचे पाणी आतल्यापेक्षा वर गेले की त्याच दाबाने त्या चौकटीवर घट्ट बसतात, आणि ओहोटीला बाहेरची पातळी उतरली की आतले पाणी त्यांना ढकलून बाहेर पडते. माणसाचा हात लागत नाही, यंत्र नाही, वीज नाही. हे वाक्य फलकावर लिहिण्याऐवजी पाहणाऱ्याने स्वतः बादलीने एका बाजूला पाणी ओतावे आणि झडप मिटताना पाहावी, अशी योजना आहे.

टाकीतले पाणी सांडणार, लादी निसरडी होणार, शेजारच्या फलकांना ओल लागणार, अशा हरकती आल्या. त्या खऱ्या आहेत. म्हणून प्रतिकृती अंगणात, पत्र्याच्या छपराखाली राहील. पोंय, म्हणजे मानशीच्या आत पाणी साठवून ठेवणारा खोलगट भाग, प्रतिकृतीत नीट दाखवलाच पाहिजे, असा आग्रह मेस्तांनी स्वतःहून धरला आणि तो रास्त आहे. पोंय बुजली तर पावसाचे पाणी ओहोटीपर्यंत थांबायला जागा राहत नाही आणि ते भातात चढते. नवीन रस्त्यांच्या भरावाखाली पोंयी बुजतात तेव्हा हेच होते.

17 ऑक्टोबर

पौर्णिमा, म्हणून भरती दुपारी बाराच्या सुमारास. शाळेतील मुलांना घेऊन दोन वाजता मानशीवर गेलो. आतले पाणी झडपा ढकलू लागले तेव्हा मुले ओरडली, आणि पाण्याबरोबर येणारी मासळी जाळ्यात दिसू लागल्यावर शिक्षकही पुढे सरसावले. जाळे ओहोटीच्या तोंडाला लावतात. रात्रीच्या ओहोटीला दिवा टांगतात, त्याच्या उजेडाकडे सुंगटे (कोळंबी) येतात. ही मासेमारी दरवर्षी पावणीत दिली जाते आणि बांधाचा खर्च त्याच पैशातून निघावा, अशी मूळ रीत.

आजचा खरा प्रसंग मुले परतल्यानंतर घडला. मानस घेतलेल्या माणसाला आणि दोन शेतकऱ्यांना मी एकत्र बसवले होते. मासळी जास्त मिळावी म्हणून भरतीचे पाणी आत घेतले जाते, झडपा अडकवून ठेवल्या जातात आणि त्यामुळे शेत खारते, असा शेतकऱ्यांचा आरोप. पावणीची बोली इतकी चढते की नुसत्या ओहोटीच्या मासळीत ती निघत नाही, शिवाय निम्मी शेते पडीक असताना खारे होते ते नेमके कोणाचे, असा समोरच्याचा सवाल. आवाज चढले. पावणीची रक्कम वाढवणारी मंडळी आणि शेत पडीक ठेवणारी मंडळी पुष्कळदा एकच असतात, असे एका वयस्कर काकांनी मध्येच सांगितले, तेव्हा दोन्ही बाजू क्षणभर गप्प झाल्या.

समितीतील काहींना हा वाद प्रदर्शनात नको आहे. संग्रहालयाने गावात भांडण लावू नये, असे त्यांचे म्हणणे. भांडण आधीपासून आहे. ते वगळले तर उरेल ते छायाचित्रांचे कॅलेंडर. दोन्ही बाजूंची निवेदने त्यांच्याच आवाजात, सारख्या लांबीची, शेजारी शेजारी ठेवायची आणि संग्रहालयाने निकाल द्यायचा नाही, एवढ्यावर बहुमत झाले.

9 नोव्हेंबर

फलक लिहून झाले. मोठ्या मजकुराचा मोह पुष्कळ टाळला आहे आणि कोणताही फलक ऐंशी शब्दांच्या पुढे जात नाही. मराठी, देवनागरी कोकणी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत ते आहेत. दिवाडीहून येणाऱ्या काही कुटुंबांनी रोमी लिपीतील कोकणीही हवी, अशी मागणी केली. चौथा मजकूर भिंतीवर बसत नव्हता, म्हणून तो हातात धरून वाचण्याच्या पुठ्ठ्यांवर छापून घेतला. ध्वनिफितींना हा प्रश्नच पडत नाही. तिथे जो तो आपापल्या बोलीत बोलतो आणि सगळ्यांना समजते.

मोडी कागदांच्या प्रतीच मांडल्यामुळे प्रकाशाची चिंता कमी आहे. मूळ कागद मांडले असते तर 50 लक्सच्या आत राहावे लागले असते आणि आमच्या खिडक्यांना ते जमणारे नाही. झडप आता आत आली आहे. आर्द्रता 70 च्या आसपास आहे आणि पृष्ठभागावर पांढरी पूड दिसते, ती मऊ ब्रशने काढतो. झडप काचेत बंद केलेली नाही. हात लावू नये, असे लिहिले आहे आणि लोक हात लावणार आहेत. ती ज्यांची होती त्यांना अडवण्यात मला अर्थ दिसत नाही.

मिठागरांसाठी एक कोपरा राखला आहे. 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज कराराने गोव्याच्या मिठावर इंग्रजांचे नियंत्रण आले, ते 1892 पर्यंत टिकले आणि त्या काळात अनेक आगरे मोडली. हा भाग येथे थोडक्यातच आहे. मिठगावड्यांशी, म्हणजे मीठ पिकवणाऱ्या समाजाशी, स्वतंत्र बैठका झाल्याशिवाय त्याहून जास्त लिहिणे योग्य नाही.

17 नोव्हेंबर

प्रदर्शन खुले झाले. तारीख मुद्दाम अलीकडे घेतली होती, कारण 21 पासून जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरचे शवप्रदर्शन सुरू होत आहे आणि त्यानंतर फेरीबोटीला रांगा लागतील. शुक्रवारी त्रिपुरारी पौर्णिमेला अर्धा गाव साखळीला विठ्ठलापूरच्या नौका पाहायला गेला होता, त्यामुळे शेवटची मांडणी शनिवारी रात्रीपर्यंत चालली. दीपप्रज्वलन, भाषणे आणि शाली यांना फाटा दिला. बांधाची राखण केलेल्या काकांनी टाकीत पहिली बादली ओतली.

1 डिसेंबर

अंगणात कोरगुटच्या उकड्या तांदळाची पेज, खारातल्या कैऱ्या आणि सुकी सुंगटे असा बेत ठेवला. खाद्यपदार्थ खोल्यांत न्यायचे नाहीत, हा नियम कडक पाळला, कारण एक सांडलेला दाणा म्हणजे मुंग्या, झुरळे आणि मग कागदांना कसर. पेज संपली. त्याहून महत्त्वाचे हे की बियाणे मागणारे तिघे निघाले आणि देणाऱ्या दोघी जागेवरच होत्या. ती देवघेव त्यांची त्यांनी केली, संग्रहालयाने मध्ये पडण्याचे कारण नव्हते.

वादाच्या दोन ध्वनिफिती सर्वाधिक ऐकल्या जात आहेत. पणजीहून आलेल्या एका पाहुण्यांनी, शेवटी खरे कोणाचे, असे विचारले. त्यांना बांधावर जाण्याचा रस्ता दाखवला.

14 डिसेंबर

भिंतीवरच्या मोठ्या नकाशावर पेन्सिलने लिहायला परवानगी दिली होती. लोकांनी शेतांची नावे, बुजलेल्या पोंयी, पूर्वीच्या फुटींच्या जागा आणि दोन बंद पडलेल्या मानशी त्यावर भरल्या आहेत. भू-सर्वेक्षणाच्या पत्रकावर शेताला फक्त क्रमांक असतो. हा नकाशा उतरवून, छायाचित्रे काढून, प्रत्येक नोंद दोन स्वतंत्र माणसांकडून पडताळून घेण्याचे काम जानेवारीत करायचे आहे. पेन्सिलच्या अक्षरांवर फिक्सेटिव्ह मारू नये. नकाशा सपाट, आम्लमुक्त कागदात ठेवावा.

झडपेचे दानपत्र कुळसंघाच्या सहीने आज पूर्ण झाले. मापांपैकी मजुरीचे माप एका शाळेने प्रदर्शनासाठी मागितले आहे. ते उसनवारी करारावर, बोलणाऱ्या बायकांची नावे आणि ध्वनिफीत सोबत नेण्याच्या अटीवर द्यावे, अशी शिफारस समितीला पाठवली. मिठगावड्यांच्या पहिल्या बैठकीसाठी हंगाम सुरू होण्यापूर्वीची तारीख शोधावी लागेल, कारण एकदा आगरात पाणी घेतले की मेअखेरपर्यंत त्यांना सवड नसते.